स्लीव्हनंतर १४ महिने झाले, काटा थांबला आणि आता चालायला जायचं मनच होत नाही

नाशिककरीण

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ४१, एका सहकारी बँकेत कॅश काउंटरला आहे. १४ महिन्यांपूर्वी स्लीव्हचं, म्हणजे वजन कमी करायला जठराचा मोठा भाग काढतात ते ऑपरेशन झालं. तेव्हा वजन ११८, आज ७९. शुगरची गोळी बंद झाली, गुडघे दुखायचे थांबले, घोरणं गेलं (हे नवऱ्याचं म्हणणं, मला कसं कळणार). त्यामुळे ऑपरेशनबद्दल माझी काही तक्रार नाही, आधीच सांगते, नाहीतर इथे लगेच करावं की करू नये सुरू होतं.

प्रॉब्लेम व्यायामाचा आहे. पहिले आठनऊ महिने मी कृषीनगरच्या ट्रॅकवर रोज सकाळी जायचे, रोज म्हणजे रोज, पावसात छत्री घेऊन पण गेलेय. सोमवारी वजन करायचं आणि दीड किलो कमी दिसलं की मंगळवारी मला उठवायला अलार्म लागायचा नाही. त्यात लोकं. ब्रँचमध्ये येणारे पेन्शनर आजोबा पण म्हणायचे मॅडम ओळखू येत नाही तुम्ही, लग्नात गेलं की चार बायका घेरून विचारायच्या काय केलंस गं. आता चार महिने झाले काटा साडेअठ्ठ्याहत्तर ते साडेएकोणऐंशी ह्याच्या बाहेर जायला तयार नाही आणि लोकांना पण सवय झाली, कोणी काही बोलत नाही. साडेपाचचा अलार्म होतो, बूट पलंगाखालीच काढून ठेवलेले असतात, मी त्यांच्याकडे बघते आणि कूस बदलते. जिमची वर्षाची फी भरली, मोजून ११ दिवस गेले.

वाईट ह्याचं वाटतं की लॉकर रूम एक मजला वर आहे तर तेवढे जिने चढून पण धाप लागते, ११८ ची असताना लागायची तशीच. म्हणजे एवढं करून स्टॅमिना शून्य. सासूबाई म्हणतात आळशीपणा अंगात मुरलाय तुझ्या, आणि खरं सांगू का मला पण तसंच वाटायला लागलंय. खाणं तसं कंट्रोलमध्ये आहे, गोड सुटलं, भूक पण बेताची, फक्त एक चाळा लागलाय तो म्हणजे बर्फ. फ्रीजमधला बर्फाचा ट्रे दिवसातून दोनदा संपवते कडकड चावून, पण त्यात कॅलरी नाहीत म्हणून सोडून देते.

तर तुम्ही लोकं दीडदोन वर्षांनंतर व्यायाम कसा टिकवता? मोटिव्हेशनचे व्हिडिओ पाठवू नका प्लीज, ते सगळे बघून झालेत.

लोकलवाला

ताई, हनिमून पिरियड संपला तुमचा, बाकी काही नाही. सगळ्यांचा संपतो. माझं बायपास (हार्टचं नव्हे, वजनाचंच, गॅस्ट्रिक बायपास), २०१८ ला झालं, १४१ वरून ८४ वर आलो होतो आणि मला वाटलं आता आपण जिंकलो. व्यायाम सोडला, मग लॉकडाऊन आलं, घरातून काम, हळूहळू शेव फरसाण परत सुरू. एक लक्षात ठेवा, गोडाला बायपासमध्ये शरीर स्वतःच शिक्षा करतं, मी एकदा पुतण्याच्या लग्नात दोन गुलाबजाम खाल्ले तर वीस मिनिटांत घामाने शर्ट भिजला, छाती धडधड, हॉलच्या मागे खुर्च्या जोडून आडवा झालो, बायकोला वाटलं अटॅक आला. पण फरसाणाला शिक्षा नाही. थोडं थोडं दिवसभर तोंडात टाकत राहिलं की पोट लहान असून काही उपयोग नसतो. ९६ झालो. मग जीव खाऊन ९१ वर आणलंय, सध्या तिथेच आहे.

व्यायामाचं म्हणाल तर मी व्यायाम हा शब्दच काढून टाकला. राहतो ठाण्याला, ऑफिस नरिमन पॉइंटला. आधी सीएसएमटीला उतरलो की शेअर टॅक्सीच्या लाइनीत उभा राहायचो. आता ती लाइन सोडून दिली, चालत जातो, अर्धा तास लागतो, येताना पण तसंच. ऑफिसला तर जायलाच लागतं ना, त्याला मोटिव्हेशन कशाला पाहिजे. जूनमध्ये वाट लागते, एक जोडी चपला ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवल्यात. सकाळी तलावपाळीला फिरायला जाईन म्हणून मी किती वेळा ठरवलं असेल, सहा वर्षांत वीस वेळा पण गेलो नसेन. सकाळी उठून होणारा व्यायाम काही लोकांच्या नशिबातच नसतो आणि त्याबद्दल वाईट वाटून घ्यायचं मी बंद केलंय.

कडू_कारलं

मॅडम राग मानू नका पण हाच व्यायाम ऑपरेशनच्या आधी केला असता तर लाखो रुपये वाचले असते. पोट कापून शॉर्टकट मारायचा आणि मग विचारायचं मोटिव्हेशन कुठून आणू.

लोकलवाला

कारलेसाहेब, १४१ किलो अंगावर घेऊन एकदा दादरचा पूल चढून दाखवा मग बोलू. डाएट, जिम, काढे, बेल्ट, सगळं करून झाल्यावरच माणूस त्या टेबलावर झोपतो. आणि शॉर्टकट म्हणताय तर ऑपरेशननंतर पहिले पंधरा दिवस फक्त पाणी, ताक, डाळीचं वरचं पाणी ह्यावर काढून बघा, ते पण घोटघोट.

फिजिओ_कोल्हापूर

कारलं सोडा हो, त्याला सवय आहे.

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, ऑपरेशन झालेले पेशंट बरेच येतात म्हणून लिहिते. दोन गोष्टी बघा. पहिली म्हणजे तुम्ही ३९ किलो उतरवले. घरातला भरलेला गॅस सिलिंडर साधारण ३० किलोचा असतो. म्हणजे वर्षापूर्वी तुम्ही एक भरलेला सिलिंडर आणि वर दहा किलो पिठाची पिशवी उचलून त्या ट्रॅकवर फिरत होता. आता रिकाम्या हाताने फिरताय, त्यामुळे तेवढ्याच चालण्यात आधीइतकं जळत नाही. त्यात वजन घटतं तेव्हा नुसती चरबी जात नाही, स्नायू पण जातात, आणि प्रोटीन कमी पडलं तर जास्तच जातात. साधारण वर्ष दीड वर्षात काटा थांबणं हे ठरलेलंच आहे, तुमचं काही चुकलेलं नाही.

दुसरी म्हणजे तुम्ही जो आकडा बघून उठत होता तो खाली जाणारा आकडा होता आणि तो कधीतरी थांबणारच होता की. आता वर जाणारा एखादा धरा. माझ्याकडे मी सगळ्यांना खुर्चीवर बसवते. साधी विना हाताची खुर्ची भिंतीला टेकवायची, हात छातीवर आडवे घ्यायचे, आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता ते मोजायचं. लिहून ठेवायचं कॅलेंडरवर, दूधवाल्याचा हिशोब लिहितो तसं. पंधरा दिवसांनी परत. दोनचार तरी वाढतातच आणि ते बघून बायका एवढ्या खूश होतात म्हणून सांगू, काट्यावर दोन किलो उतरल्यावर होत नाहीत तेवढ्या.

आठवड्याला १५० मिनिटं चालणं हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यातच दोन दिवस ताकदीचे व्यायाम पण सांगितलेले असतात ते कोणी ऐकतच नाही. जिमची गरज नाही. ओट्याला हात टेकवून पुशअप, पाण्याच्या लिटरच्या बाटल्या दोन हातात, आणि ती खुर्ची. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत होतंय सगळं. प्रोटीन किती जातंय रोज? ६० ते ८० ग्रॅम सांगितलं असेल तुम्हाला. भाजीपोळीवर ते होत नाही, मोजून बघा एकदा.

सांगलीची_सून

अगं तुझी पोस्ट वाचून मीच लिहिलीय की काय असं वाटलं. मला दोन वर्षं झाली, स्लीव्हच.

एक गोष्ट कोणी उघड बोलत नाही ती मी बोलते. लोंबणारी कातडी. मी चालायचं बंद केलं त्याचं खरं कारण आळस नव्हतंच, पोटाच्या खालच्या घडीत घाम साठून चट्टे यायचे, मांड्या घासायच्या, आणि भरभर चाललं की ते सगळं हलतं ते मला नको वाटायचं, वाटायचं सगळी बाग माझ्या पोटाकडे बघतेय. शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी पावडर दिली, आणि आता सलवारीच्या आत घट्ट सायकलिंग शॉर्ट घालते जी पोटाच्या वरपर्यंत येते. आल्यावर घडी नीट कोरडी करायची, मी तर हेअर ड्रायर थंड हवेवर लावते, घरातली हसतात, हसू देत. तुला हा त्रास असेल तर आधी तो मिटव, नाहीतर कितीही मन घट्ट केलंस तरी शरीर नाहीच म्हणणार.

आणि मला टिकवलं ते शेजारच्या काकूंनी. ६२ वय, वजन काही नाही त्यांचं, पण एकट्या जायला घाबरतात म्हणून पावणेसहाला आमच्या फाटकाची कडी वाजवतात. एवढ्या जोराने वाजवतात की उठले नाही तर गल्ली उठेल. आम्ही आमराईत जातो. मधे त्या तीन महिने मुलाकडे पुण्याला गेल्या आणि माझं झालं बंद, चौथ्या दिवशीच. मग त्यांना फोनवर कळलं तर त्या रोज फोन करायला लागल्या, आमराईच्या गेटपाशी एक कुत्री होती पोटुशी, तिला पिल्लं झाली का, किती झाली, ती पांढरी कशी आहे. आता हे सांगायचं तर जायला लागतं ना बघायला. सहा पिल्लं झाली होती. मी पिल्लांसाठी जात होते का काकूंसाठी, माहीत नाही, पण वजनासाठी नक्की नाही.

लॅबवाला_परभणी

सगळ्यांनी एवढं लिहिलं पण बर्फाचं कुणीच कसं काय विचारलं नाही?

मी डॉक्टर नाही, लॅबमध्ये रक्त काढतो. पण बर्फ खावा वाटतो म्हणणाऱ्या बायका माझ्यासमोर बसल्या की मी आधी पापणी ओढून बघतो आणि दहातल्या बऱ्याच जणींची पांढरीफटक निघते. काहींना बर्फ, काहींना माती, कच्चे तांदूळ, पाटीवरची पेन्सिल. शरीरात लोह संपलं की असले डोहाळे लागतात. त्यात तुम्ही म्हणताय ३९ किलो कमी होऊन पण जिन्यात धाप तेवढीच. अहो ती कमी व्हायला पाहिजे होती ना. ताई शेवटचं हिमोग्लोबिन कधी केलं होतं? फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा), व्हिटॅमिन बी १२, डी केलं का? आणि ऑपरेशननंतरच्या गोळ्या चालू आहेत का बंद केल्या?

चालायचं नंतर बघा. टाकीत पेट्रोल नाही आणि तुम्ही किक मारमारून स्वतःला शिव्या देताय.

फिजिओ_कोल्हापूर

दादा, शंभर टक्के. मी खुर्चीच्या नादात वाचूनच गेले ते वाक्य, लाज वाटली. ताई, आधी हे करा. हिमोग्लोबिन कमी निघालं तर माझं वरचं सगळं सध्या बाजूला ठेवा, डॉक्टर सांगतील तेवढंच हळूहळू चाला.

नाशिककरीण

बापरे. बर्फाचा आणि ह्याचा संबंध असेल हे माझ्या डोक्यात पण आलं नव्हतं.

खरं सांगते, रागवू नका. आयर्नच्या गोळ्या मी पाच महिन्यांपूर्वी बंद केल्या. पोट कडक व्हायचं, दोन दोन दिवस साफ नाही. कॅल्शियमची आणि मल्टिव्हिटॅमिनची आठवण आली की घेते, म्हणजे आठवड्यातून दोनदा. वजन कमी झाल्यावर मला वाटलं आता कशाला. सहा महिन्यांचं चेकअप केलं होतं, वर्षाचं राहिलं, मार्च एंडिंग होतं बँकेत. आणि पाळीला त्रास आहे, आठ आठ दिवस जाते, ते पण वयामुळे असेल म्हणून सोडून दिलं.

उद्याच जाते लॅबला.

लॅबवाला_परभणी

एक सांगून ठेवतो, ह्या गोळ्या आता जन्मभर आहेत. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण हिस्सा तर काढून टाकलेला असतो, ॲसिड कमी, बी १२ शोषायला जे लागतं ते पण तिथेच तयार होतं. बायपासवाल्यांचा तर लोह शोषणारा आतड्याचा भागच बाजूला राहतो. जेवणातून मिळेल म्हणाल तर जेवता किती तुम्ही, चार घास. आणि गोळी चहाबरोबर घेऊ नका, कॅल्शियम आणि आयर्न एकत्र तर अजिबात नको, दोन तासांचं अंतर पाहिजे. आमच्याकडे अर्धी लोकं सगळ्या गोळ्या एकदम तळहातावर घेतात आणि वरून चहा पितात.

लोकलवाला

हे वाचून मी पण गपचूप डबा उघडला, बी १२ जुलैमध्ये संपलीय. धन्यवाद परभणी.

नाशिककरीण

(सात आठवड्यांनी)

उशीर झाला लिहायला, पण सांगायचं राहिलं होतं.

हिमोग्लोबिन ८.९ निघालं, फेरिटिन ६, बी १२ पण खाली. ऑपरेशनवाल्या डॉक्टरांनी आधी झापलं मग आयर्नची सलाइन लावली दोन वेळा, बी १२ ची इंजेक्शनं चालू आहेत, आणि पाळीसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं, तिथे औषधं सुरू केलीत. रिपोर्ट मी सासूबाईंसमोर ठेवला. त्या काही बोलल्या नाहीत पण त्या दिवसापासून रोज खजूर आणि भिजवलेले चणे वाटीत काढून देतात, मला तेवढे जात नाहीत हे त्यांना अजून पटत नाही.

सगळ्यात आधी बर्फ सुटला. दुसऱ्या सलाइननंतर आठवड्याभरातच, एक दिवस लक्षात आलं की ट्रे भरलेलाच आहे. लॉकर रूमचा जिना आता बोलत बोलत चढते. हिमोग्लोबिन परवा ११.२ आलं.

पण एक खरं सांगायला पाहिजे. मला वाटलं होतं रक्त भरलं की मी आपोआप पहाटे उठून पळायला लागेन, तसं काही झालं नाही. धाप गेली पण कंटाळा आहेच थोडा. म्हणजे सासूबाई अगदीच चुकीच्या नव्हत्या. सकाळचं मी सोडून दिलं लोकलवाले दादा, तुमचं वाचून. आता बँकेतून सुटल्यावर दोन स्टॉप आधी रिक्षा सोडते. खुर्चीचं मात्र भारी आहे. पहिल्यांदा ११ झाले होते, तेही अकरावं अर्धवट, डॉक्टरांनी परवानगी दिल्यापासून करतेय आणि मागच्या रविवारी १७. कॅलेंडरवर गॅस सिलिंडर लावल्याची तारीख लिहितो तिथे शेजारीच लिहून ठेवते. लेक नववीत आहे, ती माझ्याबरोबर करते, तिचे २६ होतात आणि ती फार माज करते.

काट्यावर वजन ७९.८ आहे, म्हणजे वाढलंच. बघितलं आणि उतरले, झालं.

काल लेकीबरोबर पांडवलेणी चढले. दोनदा बसले मधे, एकदा माकडांमुळे, एकदा खरंच. वर लेण्यात गारव्याला टेकून बसलो होतो तर लेक म्हणाली पुढच्या महिन्यात रामशेज किल्ला. बघू म्हटलं.

आता एक प्रश्न आहे. माझे पाय पण बारीक झालेत वाटतं, आधी सात नंबर लागायचा, आता बुटात पाय पुढे सरकतो, उतरताना अंगठे आपटत होते. चांगले महागाचे बूट आहेत, दोन मोजे घालून चालवून घेतले तर चालेल का?

फिजिओ_कोल्हापूर

नाही चालणार. एवढं वजन उतरलं की पाय पण एखादा नंबर उतरतो, बऱ्याच जणींचा उतरतो. दोन मोज्यांनी घाम साठून फोड येतील आणि परत तीन आठवडे घरी बसाल. सहा नंबर घ्या, संध्याकाळी दुकानात जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात तेव्हाच माप बरोबर येतं.

सांगलीची_सून

आणि जुने टाकू नकोस, मला सात नंबरच लागतो 😄 काकूंना सांगते नाशिकची मैत्रीण लेणी चढून आली म्हणून, त्या लगेच विचारतील तिथे कुत्री आहेत का.

नाशिककरीण

आहेत. पार्किंगपाशी तीन. एक पांढरी.